इंटरनल टाकू का एक्स्टर्नल घेऊ? स्टुडिओचा पीसी पार भरलाय

विट्याचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. पीसी २०१५ चा, आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, आणि आत १ टीबीची एकच हार्ड डिस्क, तीच अजून चालूय. विंडोज तिच्यावर, फोटोशॉप आणि व्हिडिओ एडिटिंगचं प्रीमियर तिच्यावर, गिऱ्हाइकांचे फोटो पण तिच्यावरच. सी ड्राइव्ह लाल, डी ड्राइव्ह लाल. शिवाय एक २ टीबीची एक्स्टर्नल आहे, पाकिटाएवढी असते ती, त्यात जुनी लग्नं आहेत आणि सध्या आत जागाच नाही म्हणून नवीन शूट पण तिच्यावरच टाकतो आणि तिथूनच एडिट करतो. एक क्लिप टाइमलाइनवर ओढायची आणि चहाला जायचं, परत आलं की गोल फिरतंयच.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, त्याच्या आधी काहीतरी करायला पाहिजे. दुकानदार म्हणतो आत एसएसडी टाक, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली ड्राइव्ह. मेव्हणा म्हणतो आत कशाला, एक्स्टर्नल घे मोठी, घरी नेता येते, पीसी बिघडला तर दुसऱ्याला लावता येते. मेव्हण्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं त्याला वाटतं :) पण त्याचं म्हणणं चुकीचं पण वाटत नाही. सध्या दोन्ही घ्यायची ऐपत नाही, एकच काहीतरी होईल. काय करू?

ठाणे_स्लो_लोकल

दादा मी पण एडिटिंगच करते, फ्रीलान्स, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. तुम्ही प्रश्न विचारलाय इंटरनल का एक्स्टर्नल, पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र झालीयेत. ज्याच्यावर रोज काम करायचं ती ड्राइव्ह वेगळी, आणि काम संपल्यावर ठेवायचं ती वेगळी. तुमच्याकडे ठेवायच्या ड्राइव्हवर काम चाललंय आणि विंडोज दहा वर्षांच्या डिस्कवर धापा टाकतंय. म्हणून माझं मत आत एसएसडी, डोळे झाकून.

आकड्यात सांगायचं तर तुमची ती पाकिटवाली एक्स्टर्नल चांगल्या दिवशी सेकंदाला १२०-१३० एमबी देते, तेही एक मोठी फाइल सलग वाचली तर. साधी साटा एसएसडी (पीसीत आत केबलने लावतात ती) ५०० च्या वर जाते. पण खरा फरक तिथे नाहीच, खरा फरक बारीक बारीक फायलींचा. हार्ड डिस्कमध्ये एक सुई आहे असं समजा, ती तबकडीवर इकडून तिकडे पळत असते, प्रीमियर एकाच वेळी व्हिडिओ मागतं, ऑडिओ मागतं, प्रीव्ह्यूच्या फायली मागतं, विंडोज मागे आपलं अपडेट चालवतं, बिचारी सुई पळून पळून दमते. एसएसडीत पळायला काही नाहीच. त्यामुळे तुमचा चहा बंद होईल एवढं नक्की.

आणि एक, सध्याची एक्स्टर्नल कुठल्या पोर्टला लावलीय ते बघा आधी. कॅबिनेटच्या पुढे जे पोर्ट असतात ते जुन्या पीसीत बरेचदा यूएसबी २ असतात, आतून काळे. त्याला यूएसबी ३ ची ड्राइव्ह लावली तरी सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही. मागे निळे असतील त्याला लावून बघा. निळा रंग म्हणजे शंभर टक्के ३ असं नाही, पण बहुतेक असतंच.

हार्डवेअर_मामा

इचलकरंजीत माझं रिपेरिंगचं दुकान आहे, १९ वर्षं झाली, तर दोन शब्द.

ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे. तुमच्या एच८१ बोर्डावर साधारण चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे. एसएसडी ६ वाल्यालाच लावा, बोर्डावर पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून बघायचं. एक पोर्ट डीव्हीडी रायटरनं अडवलेला असणार, ती शेवटची कधी उघडली होती आठवतंय का? ती काढली तरी चालतंय. एम.२ नावाची ती च्युइंग गमच्या पट्टीसारखी एसएसडी मिळते ती घेऊ नका, तुमच्या बोर्डाला तिची खाचच नसणार, आणि कार्ड लावून बसवली तरी त्या काळच्या बायोसमधनं, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधनं, एनव्हीएमईवरनं (तसली वेगवान एसएसडी) विंडोज चालू होईलच असं नाही. साधी २.५ इंची साटा घ्या. साटाची डेटा केबल वेगळी घ्यावी लागते, एसएसडीच्या बॉक्समध्ये शक्यतो नसते, लोक घरी जाऊन बॉक्स उघडतात आणि परत येतात. पॉवरला एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) साटा पिन शिल्लक असली तर तीच वापरा, मोलेक्सवरनं (जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरनं) साटा करणारा तो स्वस्तातला प्लास्टिक ओतलेला कन्व्हर्टर नको, आतल्या तारा चिकटून जळालेल्या मी डोळ्यानं बघितल्यात.

नवीन डिस्क लावल्यावर दिसली नाही म्हणून घाबरू नका, दिवसाला एक फोन याचा असतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करायची, जीपीटी निवडायचं, फॉरमॅट मारायचा. फक्त नीट बघून, कुठली डिस्क नवीन आणि कुठली जुनी. एकानं घाईत जुनीच फॉरमॅट मारली आणि नवी तशीच घेऊन माझ्याकडं आला, साहेब ही दिसंना.

आता मेव्हण्याची बाजू पण सांगतो, कारण ते पार चुकीचं बोलत नाहीत. एक्स्टर्नल म्हणजे आत तीच हार्ड डिस्क, वर डबा आणि यूएसबीचं सर्किट. पण हल्लीच्या बऱ्याच पाकिटवाल्या ड्राइव्हमध्ये आतल्या डिस्कला साटाचा कनेक्टरच नसतो, यूएसबीचं तोंड थेट तिच्याच बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. त्यामुळं ते चपटं, दोन खणांचं तोंड सैल झालं, केबलला झटका बसून उपटलं, की डबा फोडून पीसीत लावू म्हणाल तर लावायला जागाच नाही. गिऱ्हाईक म्हणतंय मामा डिस्क फिरतीय की, आवाज येतोय की. येतोय, पण दार मोडलंय त्याला मी काय करू. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, केबल डिस्कच्या बाजूनं काढायचीच नाही, पीसीच्या बाजूनं काढा.

दुसरं त्या ड्राइव्हचं लिखाण. २ टीबी आणि पुढच्या बारक्या ड्राइव्ह बऱ्याचशा एसएमआर प्रकारातल्या असतात, म्हणजे आतले ट्रॅक कौलासारखे एकावर एक थोडे चढवलेले. जागा जास्त मिळते, पण मधलं कौल बदलायचं तर शेजारची पण उचकटावी लागतात. म्हणून सुरुवातीला १२० नं जाणारी कॉपी मध्येच २० वर येते आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. साठवायला ठीक आहे, रोज खोडून लिहायला नको.

मोठ्या ३.५ इंची एक्स्टर्नल ज्यांना वेगळा अडॅप्टर लागतो त्याबद्दल एकच, त्या अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. त्यांना १२ व्होल्ट लागतं. एकानं लॅपटॉपचा १९ व्होल्टचा घुसवला, पिन बसली ना मामा म्हणून. आतल्या एका डायोडनं जीव दिला म्हणून डेटा वाचला त्याचा.

गंगापूर_रोडकर

मामांचं वाचून पोटात गोळा आला, माझं नेमकं तेच झालंय म्हणून लिहितेय.

आमच्याकडे लॅपटॉपमध्ये जागा कमी म्हणून सगळे फोटो एक्स्टर्नलवर हलवले होते, हलवले म्हणजे कट पेस्ट, कॉपी नाही. मुलीचा पहिला वाढदिवस, बाबांची पंचाहत्तरी, आमची सगळी कोकणातली ट्रिप. आणि मी निर्धास्त, की आपला बॅकअप आहे. एक दिवस टेबलावरून केबल पायात अडकली, ड्राइव्ह फिरत होती आणि खाली पडली, फार नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. लावली तर टक... टक... टक, घड्याळासारखं, आणि थोड्या वेळाने ते पण बंद. मी चारपाच वेळा काढून लावून बघितली, नंतर कळलं की तेच करायचं नव्हतं, दरवेळी ती तुटकी सुई तबकडीला ओरखडे काढत होती म्हणे. डेटा रिकव्हरीवाल्यांनी जो आकडा सांगितला त्यात त्या ड्राइव्ह दहा आल्या असत्या, आणि हमी काही नाही. ड्राइव्ह अजून कपाटात आहे. टाकवत नाही.

म्हणून मेव्हण्यांना सांगा, एक्स्टर्नल घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं. दोन ठिकाणी असेल तर बॅकअप. एकाच ठिकाणी असेल तर ती फक्त जागा बदलली.

विकेंड_गेमर

एवढं कशाला, क्लाउडवर टाका ना सगळं आणि विसरा. किंवा ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी मिळते पोर्टेबल, दीड दोन हजारात, रिव्ह्यू पण चांगलेत, लिंक देऊ का?

ठाणे_स्लो_लोकल

नको देऊस लिंक :) त्या १६ टीबीवाल्या डब्यात बहुतेक वेळा एक मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजला १६ टीबी दाखवतं, कॉपी पण होते, नाव दिसतं, साइज दिसते, आणि उघडायला गेलं की फाइल रिकामी. कारण खरी जागा संपली की ते जुन्यावरच लिहितं नाहीतर सरळ फेकून देतं. माझ्या एका मित्राने घेतली होती. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, नवीन काही घेतलं की आधी ते चालवायचं. आणि १ टीबी घेतली की विंडोजमध्ये ९३१ दिसते ती मात्र फसवणूक नाही, कंपनी हजारच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून भांडायला जाऊ नका.

क्लाउडचं म्हणशील तर फोटो ठीक आहेत, व्हिडिओचा हिशोब कर. १०० एमबीपीएसवर ४के शूट केलं तर तासाला ४५ जीबी. अपलोड १० एमबीपीएसचा मिळत असेल तर त्या एका तासाच्या फुटेजला दहा तास लागतात, मध्ये लाइट नाही गेली तर. लग्नाला पाच सहा तास शूट होतं आणि कॅमेरे दोन.

विट्याचा_फोटोवाला

सगळ्यांचे आभार, एवढं लिहिलंत. आधी मीच माझी अब्रू घालवतो.

ताई तुम्ही म्हणालात तसं बघितलं. ड्राइव्ह पुढच्या काळ्या पोर्टलाच होती. पहिल्या दिवसापासून. कारण मागे हात घालायचा तर टेबल सरकवावं लागतं आणि टेबलावर प्रिंटर आहे. आज टेबल सरकवलं, मागं जाळी जळमटं, त्यात दोन निळे पोर्ट, एकदम कोरे, दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. केबल तिकडं लावली. १२८ जीबीच्या भरलेल्या कार्डाचा डेटा कॉपी करून बघितला, कार्ड रीडर पण मागेच लावला. आधी तास जायचा, सेकंदाला ३८ वगैरे दाखवायचं, आता ११५ दाखवतंय आणि वीस मिनिटांच्या आत झालं. एवढी वर्षं मी रात्री कॉपी लावून झोपायला जायचो.

मग उत्साहात ते डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पण टाकलं, मागे कुठेतरी वाचलं होतं. एक्स्टर्नलला निळं "गुड" आलं. आतल्या १ टीबीला पिवळं "कॉशन". सी५ च्या ओळीला पिवळा ठिपका आहे, करंट पेंडिंग सेक्टर काउंट असं लिहिलंय, शेवटी आकडा ५८. मामा हे काय असतं? पीसी चालू तर आहे व्यवस्थित. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) मारू का?

हार्डवेअर_मामा

चेकडिस्क मारू नका!! आत्ता नको. वाचलं की आधी हे ऐका.

सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर (डेटा ठेवायचे बारके खण) वाचता येत नाहीत आणि ज्यांचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलं नाही असे. खराब म्हणून बदलून टाकलेला सेक्टर असेल तर तो ०५ च्या ओळीत दिसतो. आणि तुमचा आकडा बहुतेक हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या हिशोबात) दिसतोय, क्रिस्टल तसंच दाखवतं जोपर्यंत सेटिंग बदलत नाही, म्हणजे ५८ नाही, ८८ सेक्टर. सी७ वाढला असता तर केबल बदला म्हणालो असतो, ती केबलची कटकट असते. सी५ ला केबलचा संबंध नाही, तबकडी थकलीय. चालू आहे हे खरं, पण किती दिवस ते मी सांगू शकत नाही, काही डिस्क वर्षभर ओढतात, काही शनिवारी दुकान बंद करताना ठीक असतात आणि सोमवारी चालू होत नाहीत.

चेकडिस्क, डिफ्रॅग, व्हायरस स्कॅन यातलं काही नको, हे सगळे त्या डिस्कला कानाकोपऱ्यात पळवतात. म्हाताऱ्या माणसाला दम लागलाय आणि आपण त्याला गड चढायला लावायचा, तसं. आधी कॉपी. आणि कॉपी करताना पण सरसकट नाही, आधी जी गिऱ्हाइकाला अजून दिलेली नाहीत ती कामं, मग घरचं, मग बाकी. विंडोज आणि सॉफ्टवेअर कॉपी करायची गरज नाही, ते परत टाकता येतं. एखाद्या फाइलवर अडकलं तर स्किप करून पुढं जायचं, तिथंच दहा वेळा रिट्राय मारत बसायचं नाही.

म्हणजे आता तुमचा प्रश्नच बदलला बघा. एसएसडी घ्यायचीच आहे, कारण विंडोज ज्या डिस्कवर आहे ती जाणार आहे. ५०० जीबीची घ्या, विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू असलेलं एक काम एवढं मावतं. पण ती येईपर्यंत डेटा कुठंतरी हलवायला पाहिजे, आणि तुमच्या एक्स्टर्नलवर जुनी लग्नं आहेत, सगळं तिच्यात मावणार नाही. कुणाची रिकामी ड्राइव्ह मिळती का बघा दोन दिवसांपुरती.

ठाणे_स्लो_लोकल

मामांना पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर, एसएसडी आली की विंडोज क्लोन करत (जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उचलत) बसू नका, खराब सेक्टर असलेल्या डिस्कवरून क्लोन मध्येच अडकतं आणि दहा वर्षांचा कचरा पण सोबत येतो. नवीन टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला तुमचा चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, तो वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा नाहीतर इथे मारामारी होईल.

पुढे पैसे आले की दुसरी मोठी एक्स्टर्नल. हार्ड डिस्कवालीच, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी नको, वीज न मिळता फार काळ पडून राहिली की तिच्यातला चार्ज, ज्याच्यावर डेटा टिकतो तो, हळूहळू उतरतो. लग्न दिलं की दोन्ही एक्स्टर्नलवर टाकायचं, एक स्टुडिओत, एक घरी. आणि कायम पीसीला जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर जोडलेलं सगळंच लॉक करतो.

गंगापूर_रोडकर

आणि फिरती ड्राइव्ह टेबलाच्या कडेला ठेवू नका दादा, प्लीज.

विट्याचा_फोटोवाला

अपडेट. मेव्हण्याला फोन केला, त्याच्याकडे १ टीबीची रिकामी एक्स्टर्नल होती, गाडी काढून संध्याकाळी घेऊन आला. येताना भेळ पण आणली. आल्यापासून "मी म्हटलं नव्हतं का एक्स्टर्नल पाहिजे" हे चार वेळा ऐकून झालंय, मी काही बोललो नाही, ड्राइव्ह त्याची आहे.

मागच्या निळ्या पोर्टला लावलीय, जमिनीवर, चटईवर ठेवलीय ताई. न दिलेली तीन लग्नं पहिल्यांदा काढली, ती व्यवस्थित आली, दोन तीन क्लिप मधूनमधून उघडून पण बघितल्या. आता रात्रीचे सव्वा अकरा वाजलेत, बाकीचं चाललंय, मध्येच स्पीड एकदम शून्यावर येतो आणि परत उठतो. आत्तापर्यंत चार फायली स्किप कराव्या लागल्या. एसएसडी आणि केबल दोन्ही उद्या सांगलीवरून मागवतोय, ६ वाला पोर्ट टॉर्च मारून शोधून ठेवलाय, डीव्हीडी रायटर काढला, आत २०१८ ची एका साखरपुड्याची सीडी निघाली.

त्या चार फायली एका बारशाच्या आहेत, ते पोरगं आता शाळेत जातंय. तेव्हा त्यांना पेनड्राइव्हवर सगळं दिलं होतं. सकाळी त्याच्या आजोबांना फोन करून बघतो, ते काही टाकून देणारातले नाहीत.